औषधाची तीव्रता, स्ट्रेंग्थ आणि पोटेन्सी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फार्मसीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातली मुलं, नर्सिंग शिकणारे आणि अधूनमधून हातात बाटली घेऊन गोंधळलेले पालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. हे पान गणित समजण्यासाठी आहे, डोस ठरवण्यासाठी नाही. माझा अनुभव असा, की या गणितांत गुणाकार-भागाकार फार कमी वेळा चुकतो. चुकतं ते त्याआधीचं: कशाचं मोजतोय, किती, आणि कशात.

१. तीव्रता, स्ट्रेंग्थ आणि पोटेन्सी हे एकाच गोष्टीचे तीन शब्द आहेत का?

नाहीत, पण बोलताना तिन्हींची सरमिसळ होते. 'पाचशेची गोळी' म्हणतो तेव्हा एका गोळीत ५०० मिग्रॅ औषध आहे हे सांगतो, ती स्ट्रेंग्थ. तीव्रतेला छेद लागतो: अमुक मिलीत अमुक मिग्रॅ. छेद नसेल तर ती तीव्रता नव्हे, नुसती रक्कम.

पोटेन्सीचे मात्र दोन अर्थ आहेत. फार्मसीच्या गणितात तो शब्द 'या पावडरीत खरं काम करणारं औषध किती' या अर्थाने येतो (प्रश्न १० आणि १३). औषधशास्त्रात तो 'परिणाम साधायला किती कमी औषध पुरतं' या अर्थाने येतो (प्रश्न १५). होमिओपॅथीत 'पोटेन्सी वाढवली' म्हणजे औषध आणखी विरल केलं. त्या अर्थाचा इथल्या गणिताशी संबंध नाही, तो बाजूला ठेवलेला बरा.

२. एकाच औषधाचं १२० चं सिरप, २५० चं सिरप आणि ड्रॉप्स. बाळाला ५ मिली द्यायचं, तर कुठलंही चालेल ना?

अजिबात नाही. आकडा नुसता वाचू नका, तो किती मिलीमागे आहे ते वाचा. पॅरासिटामॉलचंच घ्या. ५ मिलीत १२० मिग्रॅ म्हणजे मिलीला २४ मिग्रॅ. ५ मिलीत २५० मिग्रॅ म्हणजे मिलीला ५० मिग्रॅ. ड्रॉप्सवर पुष्कळदा १ मिलीत १०० मिग्रॅ असं असतं. म्हणजे आकडा सगळ्यांत लहान आणि औषध सगळ्यांत कडक. सिरपच्या सवयीने ड्रॉप्सचे ५ मिली दिले, तर १२० ऐवजी ५०० मिग्रॅ पोटात जातात.

म्हणून 'किती मिली?' हा प्रश्न अपुरा आहे. 'किती मिग्रॅ, आणि या बाटलीतले किती मिली?' असं विचारा.

३. लेबलवर २% लिहिलंय. टक्के कशाचे? वजनाचे की आकारमानाचे?

तीन प्रकार आहेत. वजन/आकारमान, म्हणजे १०० मिलीत इतके ग्रॅम. वजन/वजन, म्हणजे १०० ग्रॅममध्ये इतके ग्रॅम. आकारमान/आकारमान, म्हणजे १०० मिलीत इतके मिली. काहीच लिहिलं नसेल तर संकेत असा: द्रवात विरघळलेला घन पदार्थ असेल तर पहिला, मलम किंवा पावडर असेल तर दुसरा, द्रवात मिसळलेला द्रव असेल तर तिसरा.

इंजेक्शनवाल्यांनी एकच गोष्ट पाठ करावी: १% वजन/आकारमान म्हणजे मिलीला १० मिग्रॅ. टक्क्याला दहाने गुणलं की मिलीमागचे मिग्रॅ मिळतात. २% लिग्नोकेन म्हणजे मिलीला २० मिग्रॅ, ५% डेक्स्ट्रोज म्हणजे ५०, आणि ०.९% सलाईन म्हणजे ९ मिग्रॅ, अर्थात लिटरला ९ ग्रॅम मीठ. 'हा दहा कुठून आला?' असं दरवर्षी कोणीतरी विचारतंच. १ ग्रॅम म्हणजे १००० मिग्रॅ, ते १०० मिलीत वाटले की मिलीच्या वाट्याला १० येतात. बस्स.

४. ५% द्रावण करायचं तर १०० मिली पाण्यात ५ ग्रॅम टाकले की झालं?

नाही. ५ ग्रॅम थोड्या पाण्यात विरघळवायचे आणि मग पाणी घालत *एकूण* १०० मिली करायचं. फरक किरकोळ वाटतो, कारण ५ टक्क्यांना तो खरंच किरकोळ असतो. साध्या साखरेच्या पाकात तो उघडा पडतो.

अमेरिकन फार्माकोपियाच्या (औषधांच्या अधिकृत मानकांच्या ग्रंथाच्या) सिरपमध्ये १०० मिलीत ८५ ग्रॅम साखर असते. शिकाऊ असताना मी सरळ १०० मिली पाणी घेऊन त्यात ८५ ग्रॅम साखर ओतली. साखर विरघळली तेव्हा सिलिंडरमधली पातळी दीडशेच्याही वर गेली होती. शेजारी उभ्या असलेल्या सरांनी काही न बोलता फक्त त्या रेघेवर बोट ठेवलं.

त्या सिरपची घनता १.३१३ आहे, म्हणजे १०० मिलीचं वजन १३१.३ ग्रॅम. त्यातली साखर ८५, उरलेलं पाणी जेमतेम ४६.३ मिली. आता गंमत बघा: हेच सिरप वजन/आकारमानाने ८५% आणि वजन/वजनाने ६४.७%. बाटली एक, टक्के दोन, आणि दोन्ही बरोबर.

५. १:१००० आणि १:१०,००० यांत जास्त कडक कुठलं?

१:१०००. हा प्रश्न सोपा वाटणाऱ्यांनीच जास्त जपावं, कारण घाईत मोठा आकडा मोठा भासतो. १:१००० म्हणजे १००० मिलीत १ ग्रॅम, म्हणजेच मिलीला १ मिग्रॅ. १:१०,००० म्हणजे मिलीला ०.१ मिग्रॅ. अ‍ॅड्रेनलिन या दोन्ही रूपांत मिळायचं, आणि दोहोंत दहापट फरक. जीव वाचवण्याच्या धावपळीत मनातल्या मनात शून्यं मोजायला लावणारं लेबल हे वाईट लेबल, असं माझं स्पष्ट मत आहे.

अमेरिकेत १ मे २०१६ पासून एकच औषध असलेल्या इंजेक्शनांवरून ही गुणोत्तराची भाषा काढून टाकली. तिथे आता सरळ १ मिग्रॅ/मिली असं छापतात. अपवाद भूल देण्याच्या मिश्रणांचा: लिग्नोकेनसोबतचं अ‍ॅड्रेनलिन अजून १:२,००,००० असं दिसतं. त्याचा अर्थ मिलीला ५ मायक्रोग्रॅम.

६. सर म्हणतात '१:४ डायल्यूट कर'. एक भाग औषध आणि चार भाग पाणी, की एकूण चार भाग?

सरांनाच विचारा. हे थट्टेने म्हणत नाही. फार्मसीत १:१००० म्हणजे 'हजारात एक', एकूण हजार. प्रयोगशाळेत मात्र १:४ चा अर्थ काही जण 'एकात चार मिळवा' असा घेतात, म्हणजे एकूण पाच. पहिल्या अर्थाने तीव्रता २५% उरते, दुसऱ्याने २०%. हजारात एक इकडेतिकडे झाल्याने काही बिघडत नाही, चारात बिघडतं. स्वतः लिहिताना 'एकूण चार भागांत एक' असं शब्दांत लिहा.

७. पीपीएम आणि मिग्रॅ टक्के म्हणजे काय?

पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक. पातळ जलीय द्रावणात १ पीपीएम म्हणजे लिटरला १ मिग्रॅ. मिग्रॅ टक्के म्हणजे १०० मिलीत इतके *मिलिग्रॅम*, रक्तातल्या साखरेच्या रिपोर्टवर डेसिलिटरमागे असतो तोच आकडा. नुसत्या टक्क्याशी त्याची गल्लत केलीत तर हजारपटीने चुकाल.

८. सी-वन व्ही-वन कधी वापरायचं आणि अ‍ॅलिगेशन कधी?

एका बाजूला औषध आणि दुसऱ्या बाजूला नुसतं पाणी किंवा बेस असेल, तर सी-वन व्ही-वन (तीव्रता गुणिले आकारमान, आधीचं आणि नंतरचं सारखं) पुरतं. ५% द्रावणापासून ०.१% चे ५०० मिली हवेत: ०.१ गुणिले ५०० भागिले ५, म्हणजे १० मिली घ्या आणि ५०० पर्यंत पाणी घाला. पायरी तीच की औषध तेवढंच राहतं, फक्त पसरतं.

दोन्हींत औषध असेल तर अ‍ॅलिगेशन, म्हणजे शाळेतलं मिश्रणाचं गणितच. ५% आणि १% मलमांपासून २% चं ६० ग्रॅम करायचंय. ५ चा २ पासून फरक ३, तो १% चा वाटा. १ चा फरक १, तो ५% चा वाटा. एकूण चार भाग, एक भाग १५ ग्रॅम. म्हणून ५% चं १५ ग्रॅम, १% चं ४५ ग्रॅम. पडताळा: ०.७५ अधिक ०.४५ म्हणजे १.२ ग्रॅम औषध, आणि ६० चे २% तेवढेच. हा पडताळा न करता उत्तर लिहिणाऱ्याचे मी अर्धे मार्क कापते.

९. अल्कोहोल किंवा हायड्रोक्लोरिक आम्ल डायल्यूट करताना उत्तर का जुळत नाही?

अल्कोहोलचं कारण असं की ते पाण्यात मिसळलं की आकसतं. ५० मिली अल्कोहोल आणि ५० मिली पाणी मिळून १०० होत नाही, साधारण ९६-९७ मिली भरतं. म्हणून 'इतकं अल्कोहोल, इतकं पाणी' असं मोजून ओतू नका. अल्कोहोल घ्या आणि खुणेपर्यंत पाणी भरा.

आम्लाचं कारण वेगळं. बाटलीवरचे ३७% हे वजन/वजन असतात आणि तुम्ही मोजता मिलीत. मध्ये घनता आणावी लागते. १.१८ घनतेच्या १०० मिलीचं वजन ११८ ग्रॅम, त्याचे ३७% म्हणजे ४३.७ ग्रॅम. म्हणजे वजन/आकारमानाने हे आम्ल ३७% नसून ४३.७% आहे. सिरपची गोष्ट (प्रश्न ४) आठवा, तीच ही.

१०. एक युनिट म्हणजे किती मिग्रॅ?

कुठल्या औषधाचं? युनिट हे वजन नव्हे, ते परिणामाचं माप आहे, आणि प्रत्येक औषधाचं युनिट वेगळं ठरवलेलं असतं. ड जीवनसत्त्वाचे ४० युनिट म्हणजे १ मायक्रोग्रॅम. म्हणून ६०,००० युनिटची भलीमोठी वाटणारी मात्रा वजनाने फक्त १.५ मिग्रॅ भरते. अ जीवनसत्त्वाचं १ युनिट म्हणजे ०.३ मायक्रोग्रॅम रेटिनॉल. शुद्ध सोडियम पेनिसिलिन जीचं १ युनिट ०.६ मायक्रोग्रॅम. मानवी इन्सुलिनचं १ युनिट ०.०३४७ मिग्रॅ.

बोट्युलिनम टॉक्सिनची युनिटं तर एका उत्पादनाची दुसऱ्याला लागू पडत नाहीत. तिथे रूपांतराचा विचारही करू नका.

११. ४० चं इन्सुलिन १०० च्या सिरिंजमध्ये भरलं तर?

कमी पडेल. ४० आणि १०० म्हणजे मिलीमागची युनिटं, आणि सिरिंजवरच्या रेघा त्याच हिशेबाने आखलेल्या असतात. ४० चं इन्सुलिन १०० च्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत ओढलं, तर आकारमान ०.२ मिली, आणि त्यात युनिटं फक्त ८. उलटं केलं, १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये २० पर्यंत ओढलं, तर आकारमान ०.५ मिली आणि युनिटं ५०. अडीचपट. पहिल्या चुकीत साखर वाढते, दुसरीत माणूस बेशुद्ध पडू शकतो. गणिताने भरपाई करता येते हे खरं आहे, पण करू नका. योग्य सिरिंज घ्या.

१२. मिलिइक्विव्हॅलंट कशाला? मिग्रॅ पुरत नाहीत का?

क्षारांच्या बाबतीत शरीराला वजनाशी नाही, आयनांच्या संख्येशी आणि भाराशी देणंघेणं असतं. मिलिइक्विव्हॅलंट हे त्याच संख्येचं आणि भाराचं माप; एकच भार असलेल्या आयनांच्या क्षारासाठी मिग्रॅ भागिले रेणुभार. पोटॅशियम क्लोराईडचा रेणुभार ७४.५, म्हणून १५% द्रावणात, म्हणजे मिलीला १५० मिग्रॅ, जवळपास २ मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं. सोडियम बायकार्बोनेटची ८.४% ही विचित्र तीव्रता इथूनच आली: रेणुभार ८४, त्यामुळे मिलीला बरोबर १. ०.९% सलाईनमध्ये लिटरला १५४ मिलिइक्विव्हॅलंट सोडियम.

खरी मेख कॅल्शियममध्ये आहे. कॅल्शियम ग्लुकोनेट १०% आणि कॅल्शियम क्लोराईड १०%, दोन्हींचे १० मिली घेतले तर दोन्हींत १ ग्रॅम क्षार. पण ग्लुकोनेटमध्ये प्रत्यक्ष कॅल्शियम सुमारे ९० मिग्रॅ, क्लोराईडमध्ये सुमारे २७३. टक्के सारखे, कॅल्शियम तिप्पट. लोहाचंही असंच: फेरस सल्फेटच्या सजल रूपात लोह २०%, फ्युमरेटमध्ये ३३%, ग्लुकोनेटमध्ये १२%. 'तीनशेची लोहाची गोळी' म्हटल्यावर कशाचे तीनशे, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. क्लोरोक्विन फॉस्फेटचे २५० मिग्रॅ म्हणजे बेसचे १५०. फेनिटॉइन सोडियमचे १०० म्हणजे फेनिटॉइनचे ९२.

१३. पावडरीच्या सर्टिफिकेटवर अ‍ॅसे ९७.५% आणि पाणी १२.८% आहे. ५ ग्रॅम औषध हवं तर किती तोलू?

आधी अ‍ॅसेपुढचे शब्द वाचा; अ‍ॅसे म्हणजे तपासणीत भरलेलं औषधाचं प्रमाण. 'निर्जल आधारावर' (पाणी वगळून) असेल तर दोन्ही कपाती कराव्या लागतात: ०.९७५ गुणिले ०.८७२ म्हणजे ०.८५. पाच भागिले ०.८५ म्हणजे ५.८८ ग्रॅम. 'आहे त्या स्थितीत' असं लिहिलं असेल, तर पाण्याची वजावट आधीच झालेली आहे, फक्त ०.९७५ ने भागा.

वरचे आकडे अ‍ॅमॉक्सिसिलिन ट्रायहायड्रेटला शोभणारे आहेत, आणि तिथे हुशार मुलं एक जास्तीची चूक करतात. ट्रायहायड्रेटचा १.१४८ हा गुणक त्यांना पाठ असतो (५०० मिग्रॅ अ‍ॅमॉक्सिसिलिनला ५७४ मिग्रॅ ट्रायहायड्रेट लागतं), म्हणून ते ५.८८ ला पुन्हा १.१४८ ने गुणतात आणि ६.७५ ग्रॅम तोलतात. पण त्या १२.८ टक्क्यांत ट्रायहायड्रेटचं पाणी आलेलंच आहे! एकाच पाण्याची दोनदा वजावट झाली.

काही प्रतिजैविकांची पोटेन्सी टक्क्यांत नसून 'मिलिग्रॅममागे इतके मायक्रोग्रॅम' अशी असते. जेंटामायसिन सल्फेटचं मिलिग्रॅम म्हणजे जेंटामायसिनचे १००० मायक्रोग्रॅम नव्हेत. आकडा ६०० च्या आसपास दिसला तर पावडर खराब आहे असं समजू नका.

१४. व्हायलमध्ये १० मिली पाणी घातलं, म्हणजे आकारमान १० मिली धरायचं ना?

पावडरही जागा खाते. समजा ५० लाख युनिट पेनिसिलिनच्या व्हायलवर लिहिलंय: ८.२ मिली घाला, मिलीला ५ लाख मिळतील. ५० लाख भागिले ५ लाख म्हणजे एकूण १० मिली, तेव्हा पावडरीची जागा १.८ मिली. मिलीला अडीच लाख हवे असतील तर एकूण २० मिली लागतील, आणि घालायचं पाणी १८.२.

सरसकट १० मिली घातलेत तर एकूण ११.८ होतं आणि मिलीला सुमारे ४ लाख २४ हजारच येतात. १० लाख समजून २ मिली ओढलेत, तर रुग्णाला साडेआठ लाखांच्या आतबाहेर मिळतात.

१५. ज्याची पोटेन्सी जास्त ते औषध जास्त चांगलं?

नाही, ते फक्त कमी मिग्रॅमध्ये काम करतं. ०.७५ मिग्रॅ डेक्सामेथासोन, ५ मिग्रॅ प्रेडनिसोलोन आणि २० मिग्रॅ हायड्रोकॉर्टिसोन यांची दाह कमी करण्याची ताकद ढोबळमानाने सारखी. जास्तीत जास्त किती परिणाम साधता येतो हा निराळा प्रश्न, त्याला परिणामकारकता म्हणतात. 'हायपॉवरची गोळी' या शब्दप्रयोगात हे सगळं एकाच पिशवीत कोंबलेलं असतं.

१६. हायड्रोजन पेरॉक्साइडवर '२० व्हॉल्यूम' लिहितात. हे कुठलं एकक?

१ मिली द्रावणातून २० मिली ऑक्सिजन सुटतो असा त्याचा अर्थ. २० व्हॉल्यूम म्हणजे साधारण ६%, १० व्हॉल्यूम म्हणजे ३%. बाटलीवरचा २० हा टक्का समजू नका.

१७. उत्तर बरोबर आलं, आता लिहिताना काय जपायचं?

'१.०' नको, '१' लिहा. टिंब पुसट झालं की दहा होतात. '.५' नको, '०.५' लिहा. मायक्रोग्रॅमसाठी ग्रीक म्यू टाळा, घाईत तो 'मिलि'सारखा दिसतो. युनिट पूर्ण शब्दात लिहा, कारण त्याचं इंग्रजी लघुरूप 'U' शून्यासारखं वाचलं जातं.

आपल्यासाठी एक जादा सूचना, पुस्तकात न सापडणारी. देवनागरी १ हा इंग्रजी आकड्यांची सवय असलेल्या डोळ्याला नऊ वाटू शकतो आणि ४ हा आठ. एकाच लेबलवर दोन्ही लिप्यांचे आकडे कधीही मिसळू नका.

१८. युनिटची किंमत कधी बदलते का?

बदलते, आणि हेपरिनची (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची) बदलली. २००८ मध्ये हेपरिनमध्ये अतिसल्फेटित कॉन्ड्रॉइटिनची भेसळ सापडली. त्यानंतर अमेरिकन फार्माकोपियाने चाचणीची पद्धत आणि युनिटचा मानक नमुना बदलला, आणि ऑक्टोबर २००९ पासून नव्या मानकाचं हेपरिन बाजारात येऊ लागलं. त्याचं एक युनिट जुन्या युनिटपेक्षा सुमारे १०% कमजोर होतं. काही काळ एकाच कपाटात दोन्ही मानकांच्या व्हायल होत्या, दोन्हींवर मिलीला ५००० युनिट छापलेलं. कुठली जुनी आणि कुठली नवी, हे लेबलवरच्या त्या ५००० कडे पाहून कळण्यासारखं नव्हतं.